ओळ चारशे सतरा

हॅरिसबर्गला पोचलो तेव्हा नदीत
बर्फाचे पापुद्रे वाहत होते.
विधानभवनाच्या पायऱ्या सुनेत्राने मोजल्या.
ती आता कुठल्याही पायऱ्या मोजते,
आणि शेवटाशी तिच्या पायाच्या हिशेबात
एक पायरी नेहमी जास्त निघते.

दारावरच्या पहारेकऱ्याने तिची चाल पाहिली,
मग घड्याळ पाहिलं. सकाळचे नऊ.
तो काही बोलला नाही. तरी तिने सांगितलं,
"प्यायलेली नाहीये मी. लहान मेंदू आटतोय."
हे वाक्य तिने इंग्रजीत इतक्यांदा म्हटलंय
की तेवढं एकच अजून अडखळत नाही.

समितीपुढे दोन मिनिटं मिळतात.
आमच्या आधी आळंबी पिकवणारा एक जण होता,
त्याच्या पिकावर कसलासा विषाणू आलेला.
चांगला बोलला. फोटो आणले होते.

तीस वर्षं मी या राज्याचे पूल तपासले.
हातोडीने काँक्रीट वाजवायचं,
पोकळ बोललं की खडूने गोल करायचा,
नऊपासून शून्यापर्यंत गुण द्यायचे.
गुण फार घसरले की पैसे कुठून तरी येतातच,
कारण पुलावरून सगळे जातात.
हिच्या आजारातून, डॉक्टर म्हणाले,
अख्ख्या राज्यात दोनशे अकरा माणसं जातात.

ती उभी राहिली. दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली.
केमिस्ट्री शिकवायची ती. ब्युरेटची तोटी,
एकेक थेंब, आणि गुलाबी रंग दिसला रे दिसला
की जागच्या जागी थांबणारा हात.
आता तिचे शब्द ताणले जातात, मध्येच आपटतात.
पिवळा दिवा लागला तेव्हा ती दुसऱ्याच वाक्यात होती.
लाल लागला.
अध्यक्ष क्लिंगरबाईंनी आपल्या समोरच्या दिव्यावर
एक कागद आडवा ठेवला
आणि ऐकत राहिल्या.

नंतर एका सदस्याने चष्मा काढून सांगितलं,
मनापासून सांगितलं, हेही नोंदवतो,
की अर्थसंकल्पाचा तोल सांभाळणं भाग आहे,
राज्याच्या घटनेतच तसं आहे.
त्याने अर्थातच इंग्रजी शब्द वापरला.
सुनेत्रा माझ्याकडे बघून खुदकन हसली.
त्या सभागृहात मराठी आम्हा दोघांनाच येत होतं.

जूनच्या शेवटी विधेयक आलं. ओळ चारशे सतरा.
मागितले होते दहा लाख, दिले साठ हजार.
वरच्या ओळीत आळंबी, आमच्या तिप्पट.
खालच्या ओळीत एक जुना, छपराचा लाकडी पूल.
पूल ओळखीचा निघाला. त्याला तीन गुण मीच दिले होते,
निवृत्त व्हायच्या आदल्या पावसाळ्यात, छत्री धरून.
आळंबीवर चिडलो दोन दिवस.
पुलावर कसा चिडू?

साठ हजारांत काय येतं?
हर्शीच्या प्रयोगशाळेत एक फ्रीझर, उणे ऐंशीचा,
आणि सहा महिन्यांपुरती मार्नी एशेलमन,
जी आम्हाला बघायला या म्हणाली.
गावभर कोकोचा वास होता.
मार्नीने दार उघडलं. थंड धूर पायांवर उतरला.
आत खणच खण, बहुतेक रिकामे,
एकात सहा नळ्या, झाकणांवर नुसते आकडे.

"यातली मी कुठली?"
मार्नीला सांगायची परवानगी नव्हती.
तिने तसं सांगितलं, आणि तिचे कान लाल झाले.

सुनेत्राने हात पुढे केला,
तो हवेत भलतीकडे गेला, फिरून आला,
दाराच्या काठाला टेकला.
मग ती रिकामे खण मोजू लागली,
वर्गात मुलांची डोकी मोजावीत तशी, मोठ्याने.
फ्रीझर पिपाणीसारखा ओरडायला लागला,
दार फार वेळ उघडं होतं. मार्नी माझ्याकडे बघत होती.
मी दार धरून उभा.

तिचे तेवीस भरले.
माझे बावीस.
मी काही बोललो नाही.