जास्तीची एक तिरकी रेघ

तार्तूत जानेवारीचा दिवस साडेतीनलाच मावळतो.
मारिका सारेपू खिडकीशी बसून
दवाखान्याच्या सर्व्हरची दारं ठोठावते आहे,
रीतसर, करारावर सही करून,
मांडीवर मांजर, बशीत काळ्या पावाचा तुकडा.

पुढचा दरवाजा चोख आहे.
पासवर्ड विचारतो, मग फोनवर आलेला आकडा विचारतो,
तीनदा चुकलात की पंधरा मिनिटं तोंड फिरवून बसतो.
ती त्याच्याशी हुज्जत घालत नाही.
बावीस वर्षांत एवढं कळलंय तिला:
दारवान माणसं ओळखत नाही,
त्याला नावं पाठ असतात फक्त.

पाटीवर होतं: /नोंदी. मनाई.
तिने लिहिलं: //नोंदी.
एक रेघ जास्त, बोट घसरल्यासारखी.
दारवानाने यादी चाळली. हे नाव यादीत नाही.
यादीत नाही, म्हणजे माझ्याकडे नाही,
जाऊ द्या.
आणि आतल्या कारकुनाने ती जास्तीची रेघ
बाहीवरच्या भुग्यासारखी झटकली,
म्हणाला, हां, नोंदी ना? या की.

दोघंही आपापल्या जागी बरोबर.
एकच पत्ता दोघांनी दोन तऱ्हांनी वाचला
आणि त्या दोन वाचनांच्या फटीतून
चाळीस हजार माणसांचं रक्त, साखर,
पडलेले गर्भ, झोपेच्या गोळ्या
सगळं उघड्यावर.
मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा.
मारिकाला ही म्हण सांगायची
तर मला आधी मोरी समजवावी लागेल.

पुरावा लागतो. अहवालात एक तरी नोंद लागते,
आणि नियम असा, की परक्याची उघडायची नाही.
म्हणून तिने स्वतःचा क्रमांक टाकला.

पान आलं. नाव, जन्मसाल, उंची,
बर्फावर घसरून मोडलेलं मनगट,
डिसेंबरातली तपासणी.
आणि सगळ्यात खाली, डॉक्टर वेस्केंच्या तुटक वाक्यांत:
डाव्या बाजूची गाठ. नमुन्याचा निकाल आला.
रुग्णास अद्याप सांगितलेले नाही.
मंगळवारी बोलावणे.

आज शुक्रवार.

मांजर उतरून गेलं. पाव वाळला.
तिने अहवाल लिहिला. गांभीर्य: अतिउच्च.
उपाय: पत्ता आधी सरळ करून घ्या, परवानगी मग विचारा.
यादीत नसलेल्याला आत सोडू नका,
बाहेरच थांबवा.
पडद्याचं चित्र जोडलं, त्यातल्या ओळी काळ्या केल्या,
जन्मसाल ठेवलं होतं,
पाठवण्याआधी तेही काळं केलं.

रात्री अकराला उर्मासने दुरुस्ती चढवली.
एका ओळीचा बदल, म्हणाला, लाज वाटते.
मग विचारलं, कुणी आत जाऊन आलं असेल का गं, आपल्याआधी?
नोंदवही तपासते, म्हणाली.
दोन रेघा टाकून पाहिल्या.
चारशे तीन. मनाई.
पुन्हा टाकल्या. मनाई.
तिसऱ्यांदा का टाकल्या
ते अहवालात नाही.

मंगळवारी ती पुढच्या दाराने गेली.
बुटांचा बर्फ झटकला, ओळखपत्र दाखवलं,
टोकन घेतलं, सत्तावन्न,
प्लास्टिकच्या खुर्चीत आपल्या आकड्याची वाट पाहत बसली
सगळ्यांसारखी.

डॉक्टर वेस्केंनी दार लोटून घेतलं.
चष्मा पुसला. गोठलेल्या नदीकडे पाहिलं.
सुट्ट्या कशा गेल्या विचारलं, उत्तर ऐकलं नाही.
पेन उचलून पुन्हा होतं तिथेच ठेवलं.
शब्द सापडत नव्हता त्यांना, आत शिरायचा.

मारिकाला आतलं सगळं ठाऊक होतं.
एका वाक्यात ती त्यांची सुटका करू शकली असती.
ती गप्प राहिली, हात मांडीवर,
आणि त्यांना
ठोठावू दिलं.