तिसरा खण

जुलै लागला की तिसरा खण अडतो.
वीतभर बाहेर येतो आणि थांबतो, डावीकडं जरा वाकून,
बँकेच्या रांगेत पुढं कोण घुसलं
ते पाहणाऱ्या माणसासारखा.

खण श्रीरंगचा. रुमाल, मोजे, निळी फाईल.
रोज सकाळी तो खालून गुडघा लावतो,
मुठीला दोन्ही हातांनी धरतो
आणि शिव्या देतो. शिव्या कसल्या, तक्रारीच,
पूर्ण वाक्यात, कर्त्या-कर्मासकट.

सुतार फोनवरच सांगतो, ताई, पावसात लाकूड फुगणारच,
दिवाळीनंतर बघू.
दिवाळीनंतर खण आपला आपण सुटतो,
सुतार सुटतो, आम्हीही.
अशी अकरा वर्षं.

यंदा श्रीरंग नागपूरला, भावाच्या ऑपरेशनला.
रात्री फोन : निळ्या फाईलमधला विम्याचा नंबर सांग.
मी गुडघा लावला. माझा गुडघा त्याच्याएवढा अनुभवी नाही.
दोन बोटं आत घालून
कागद एकेक करून ओढून काढले,
गाईच्या तोंडातून पिशवी काढावी तसे.

दुसऱ्या दिवशी बोहरी आळीत गेले.
एकशेवीस नंबरचा पॉलिश पेपर, चार रुपयांची मेणबत्ती.
तेलाची बाटलीही उचलली होती,
ताहेरभाईंनी ती परत फळीवर ठेवली.
मेण लावा. तेल आज गोड, उद्या चिकट.
आणि आधी खडू घासा कडेला,
आत ढकला, बाहेर काढा,
जिथं पुसला तिथं दुखतं.

गुरुवार होता, नळ कोरडे,
कपडे भिजवता येईनात.
चारही खण काढून हॉलमध्ये मांडले, खाली जुनं वर्तमानपत्र.
रिकामं ड्रेसर भिंतीशी
दात काढलेल्या माणसासारखं, आरसा तेवढा शाबूत,
आरशात मी, केसांत भुसा.

खडू डाव्या कडेला पुसला होता, आणि उजव्याही.
म्हणजे सगळीकडंच दुखत होतं.
घासायला बसले. चार हात मारले असतील,
सागाचा वास आला, इतक्या वर्षांनीही ताजा,
आणि पकड बदलायला खण उलटा केला तर
मागच्या फळीवर पेन्सिलीनं
जाड, ठाम हातानं लिहिलेला दोन.

दोन?
शेजारचा उलटा केला. तीन.

खडकीच्या क्वार्टरमधून धनकवडीला आलो तेव्हा
टेम्पोत खण वेगळे होते, ड्रेसर वेगळं,
दोन हमाल आणि जेवायची घाई.
कुणीतरी दुसरा तिसऱ्यात घातला असणार,
तिसरा दुसऱ्यात, आणि पाणी मागितलं असणार.
ते पाणी मीच दिलं असणार.

माझा दुसरा खण तेव्हापासून ढिला.
दार आपटलं तरी वाजायचा,
कधी बांगड्यांसकट हातात यायचा,
मी म्हणायचे, वापरून झिजला.
त्याचा घट्ट. तो म्हणायचा, पाऊस.
लाकूड बिचारं काहीच म्हणत नव्हतं,
मागं लिहून ठेवलेलं होतं.

तरीही मेण लावलंच. आणलं होतं ना.
पट्टीवर, कडेला, खालून, बोटानं दाबत.
मग तीन तीनमध्ये घातला. एक बोट लावलं.

गेला.
आवाज न करता, सरळ, शेवटपर्यंत,
नुसती थोडी हवा बाहेर आली, आतली,
डांबरगोळीच्या वासाची.
मी तो पुन्हा ओढला. पुन्हा ढकलला.
पाणी आलं तेव्हा मी खणच ओढत बसले होते.

रात्री फोन. खण उघडला का गं?
उघडला.
गुडघा लावलास ना?
हो म्हटलं.

मंगळवारी येईल तो. बुधवारी सकाळी
खाली गुडघा लावेल, दोन्ही हातांनी मूठ धरेल,
श्वास घेईल,
आणि सगळे रुमाल, मोजे, निळी फाईल
एका झटक्यात त्याच्या मांडीवर.

आधी सांगायला हवं.
बघू. मंगळवारला अजून चार दिवस आहेत.