शीर

दरवर्षी पहिल्याच तासाला
फळ्यावर एक शब्द लिहून मी त्यावर काट मारते.
शीर.
रक्त परत आणते ती नीला, कळ नेते ती चेता,
स्नायूला हाडाशी बांधून ठेवते ती कंडरा.
सगळ्यांना शीर म्हणायला
तुम्ही आता आर्णीच्या बाजारात उभे नाही.

पोरं हसतात. दारव्हा, घाटंजी, पांढरकवड्याची पोरं.
त्यांच्या शाळेच्या पुस्तकात रोहिणी होती,
शिबिराच्या तक्त्यावर धमनी,
पेपरात आर्टरी.
एकच नळी, तिला तीन माहेरं.

आमच्यातही कुठे एकमत आहे?
ढोमणे सर टाचेमागच्या कंडरेला अजून अकिलीसच म्हणतात.
नव्या यादीनं माणसांची नावं खोडली, मी सांगते,
टाच काय सातबाऱ्यावरची जमीन आहे, कुणाच्या नावे लावायला?
सर म्हणतात, फेरफार नावाचा होतो मॅडम,
टाच तिथंच राहते.
आणि बाहेरून आलेला परीक्षक
दोघांच्याही विद्यार्थ्यांचा अर्धा-अर्धा मार्क कापून
चार वाजताची एसटी पकडतो.

या साली चार नंबरच्या टेबलावर एक म्हातारी आली.
उकंडा फॉर्मॅलिनची बादली ठेवून थबकला.
‘हे त आमच्या गावची सुभद्रामाय.
शिरा बसवे. मायं टोंगयं तिनंच मोकयं केलं.’
कोणती शीर? सवयीनं मी विचारलं.
त्यानं बगळ्यासारखा एक पाय वर घेतला,
खाली न बघता अंगठा टेकवला
गुडघ्यामागे, जरा बाहेरच्या अंगाला,
जिथं कंडरा आणि चेता
एकमेकींना चिकटून उतरतात.
दोघींतली कोणती,
यादी हातात असून मला सांगता येईना.

मग एका मुलीनं म्हातारीचा उजवा हात उलटा केला.
मॅडम, याला काय लिहू?
अंगठ्याच्या पेरावर कवडीएवढं,
पिवळं, टणक, तेल पिऊन गुळगुळीत.
यादी पालथी घातली. नव्हतं.
ढोमणे सर आले, बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

‘घट्टा व्हय तो,’ उकंडा म्हणाला,
बादली उचलून गेलाही.

रात्री बत्तीस वह्या तपासल्या.
बत्तीसही जणांनी तेच लिहिलं होतं.
एकीत फक्त ट सुटा होता,
तेवढा लाल शाईनं जोडला.