सहाव्या जागेचा चार

अजनी यार्डात, मे महिन्यातली रात्र,
रूळ अजून तापलेले.
उरकुडा चहांदे वाघिणींचे नंबर उतरवत होते,
मी मागे बॅटरी धरून.
कोराडीला निघालेला कोळसा, अठ्ठावन्न डबे,
प्रत्येकाच्या अंगावर अकरा आकडे.

एकतिसाव्या डब्याचा सहावा आकडा गंजाने खाल्ला होता.
२ ३ ५ ३ ६, मग भोक, मग ८ १ २ ७ ३.
"चढून पाहू का?"
"काहून? शेवटचा तीन सांगते ना."
पहिल्या दहातल्या सम जागांची बेरीज, तिची तिप्पट,
त्यात विषम जागा,
त्यात तो शेवटचा,
की दहाने पूर्ण भाग जायला हवा.
भोकात फक्त चार बसत होता.
त्यांनी चार लिहिला. गाडी गेली.

संख्या राहिली खिशात:
तेवीस अब्ज त्रेपन्न कोटी चौसष्ट लाख
एक्क्याऐंशी हजार दोनशे त्र्याहत्तर.
अंकांची बेरीज चव्वेचाळीस.
"आपल्या पिनकोडाची सुरुवात हाय बाप्पा,"
एवढ्यावरून
तिला कोण भागतं ते शोधायला बसले.

तिनाने दोन उरले. साताने चार.
अकराने आठ. तेराने सहा.
रोज तीन मूळसंख्या, जास्त नाही:
चहाआधी एक, डबा खाल्ल्यावर एक,
एक ड्यूटी उतरताना,
रद्द फॉर्मांच्या पाठीवर.
मारबतीच्या दिवशीसुद्धा.
बायको मेडिकलमध्ये होती त्या आठवड्यातसुद्धा,
फक्त तेव्हाच्या बाक्या दोनदा तपासलेल्या दिसतात.
कोणी हसलं तर म्हणत,
"दीड लाखाच्या जरा पुढवर जातो.
तोवर कोणी भेटला नाही, तर ती एकटी."

तीन हजार तीनशे चौतिसाव्या दिवशी, चहाआधी:
एक लाख चार हजार सातशे एकोणतीस.
दहाहजारावी मूळसंख्या.
बाकी शून्य.

चहा आला. बशीत ओतला, फुंकला.
भागाकार दोन लाख चोवीस हजार सातशे सदतीस.
मी विचारलं, आता हा तोडायचा?
"हा तुटत नाही. याले तोडणारा लहान कोणी असता
तर कवाच सापडला असता."
आणि रजिस्टर बंद करून
सात नंबरच्या लाइनीवर गेले, पाऊण तास उशिरा आलेल्या मालगाडीकडे.

परवा माझ्या पोरीनं मोबाइलवर मोजलं:
तो दुसरा बरोब्बर विसाहजारावा.
इकडून दहा, तिकडून वीस.
मी उमरेडला फोन लावला.
ते इतका वेळ गप्प राहिले
की मला तिकडच्या कुकरची शिट्टी ऐकू आली.
मग म्हणाले, "तो चार, तू पाह्यला होता का बे?"

नव्हता पाहिला. कोणीच नव्हता.
बाकीचे दहा नीट वाचले असतील
तरच तो चार.
एक आणि सात, कोळशाच्या धुळीत.

डबा केव्हाच भंगारात गेला असेल.
बॅटरी माझ्या हातात होती,
आणि सेल
त्या रात्री उतरलेले होते.