तीन पौंड हवा

गवताच्या कोठारात अकरा वर्षं उभी होती ती,
एकोणनव्वद सालची पॅट्रोल, सहा सिलिंडरांची डिझेल.
मागच्या सीटवर कोंबड्यांनी संसार थाटलेला,
डॅशबोर्डवर वाळून हलकं झालेलं एक अंडं,
आणि दाराखालच्या पत्र्याला बोट लावावं
तर तो चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा हातात येई.

माझ्याकडे पाने होते, जॅक होता,
आइसलंडचा अख्खा हिवाळा होता.
वेल्डिंगचं मशीन नव्हतं.
ते होतं ओढ्यापलीकडच्या केटिलकडे,
आणि केटिलशी मी एका कुंपणापायी
नऊ वर्षं बोलले नव्हते.

तो आला. मशीन ट्रेलरवर घालून.
"चासी शाबूत आहे का?" एवढंच विचारलं
आणि पाठीवर झोपून आत सरकला.
बराच वेळ नुसते त्याचे बूट दिसत होते.

डिसेंबरात आमच्याकडे दिवस म्हणजे
कुणीतरी दार किलकिलं करतं
आणि थंडी वाजते म्हणून पुन्हा लावून घेतं.
आम्ही बल्बखाली काम केलं.
बॉडी चासीवरून उचलली, मध्ये ठोकळे घातले,
दहा सेंटिमीटर उंचीचे. केटिलने ते कापले
मासळीच्या कारखान्यातल्या जुन्या पाटांतून;
करवत गरम झाली की
शेडभर कॉड माशाचा वास सुटायचा.

गंज कापायला काही वाटत नाही.
पण अडतीस इंची टायर बसवायचे,
म्हणजे मडगार्डचा चांगला, निरोगी पत्राही कापायचा.
तिथे माझा हात थबकला.
केटिलने ग्राइंडर मागितला नाही.
बाजूला उभा राहून कॉफी पीत राहिला,
मी कापेपर्यंत.

फेब्रुवारीत इंजेक्टर साफ होऊन आले,
ग्लो प्लग नवे, पंपाला नवी सीलं.
चावी फिरवली. आधी नुसता स्टार्टर.
मग एक सिलिंडर,
मग तीन, एकमेकांवर ओरडत,
मग कधीतरी सहाही जणांना एकमेकांचा ठेका सापडला.
काळा धूर छतापर्यंत गेला.
केटिलने टोपी काढली, कान पुसले, टोपी घातली.

नोव्हेंबरात पहिल्यांदा डोंगर चढलो.
सप्टेंबरच्या हाकाऱ्यात ज्या मेंढ्या हाती लागत नाहीत
त्यांच्या मागे कुणीतरी जावंच लागतं.
नदीत पाणी बॉनेटवर आलं,
छताशेजारच्या नळीतून ती श्वास घेत राहिली,
मी मात्र विसरले होते घ्यायला.

वर भुसभुशीत बर्फ. तिथला हिशेब उलटा:
जो फुगून जातो तो रुततो.
टायरात तीन पौंड हवा ठेवायची,
म्हणजे रबर पसरतं, पाऊल मोठं होतं,
दोन टनांचं धूड सायीवरून चालतं.
मी उजवीकडच्या चाकापाशी, तो डावीकडच्या,
गुडघ्यांवर बसून, हवा सोडत.
फुसफुसीत तो काहीतरी बोलला.
कुंपण असा शब्द ऐकल्यासारखं वाटलं.
"काय?" मी ओरडले.
"काही नाही. साडेचारवर आलंय. अजून थोडं."

त्या सापडल्या लाव्हाच्या एका खोबणीत,
पाठीवर बर्फाचे पापुद्रे घेऊन उभ्या.
कानांवरच्या खुणा पाहिल्या:
एक माझी, एक केटिलची,
तिसरीचा कान इतका फाटलेला
की दोघांनाही वाचता येईना.
तिघींना मागच्या सीटवर कोंबलं.
काच लगेच धुकटली.
नव्या कव्हरवर लेंड्या पडू लागल्या
आणि गाडीला तिचा जुना वास परत आला.

उतरताना पुढच्या डिफरन्शियलमधून
बारीक किरकिर येऊ लागली.
दोघांनीही ऐकली, पण मैलभर
कुणी काही म्हटलं नाही.
"उघडावं लागेल," शेवटी मीच म्हणाले.
"सोमवारी," केटिल म्हणाला.

वेल्डिंगचं मशीन अजून माझ्याच शेडमध्ये आहे.
तिसरी मेंढी ओढ्याकाठी चरते,
कधी या बाजूला, कधी त्या.