जर आणि तर

टेंभुर्णी सोडली की डावीकडे ऊस, उजवीकडे ऊस,
मग ऊस एकदम संपतो
आणि समोर समुद्रासारखं काहीतरी,
फक्त त्याला मोटारींचे पाईप लावलेले.

आम्ही दोघी. एलआयसीतली शाहीन नदाफ
आणि मी. रविवारच्या खलाशी.
बारा फुटी फायबरची होडी, लिंबाच्या रंगाची,
नाव ठेवायचं अजून राहिलंय.
जॅकवेलवरचा पोरगा दर वेळी ओरडतो,
"मॅडम, पेट्रोल संपलं का?"

आज ती निघणार होती.
लोकल बोर्डाची तर, क्रमांक दोन.
धरण भरलं त्या साली खुंट्याला बांधलेली राहून गेली,
कुणी सोडलीच नाही, पाणी खुंट्यावरून वर गेलं.
मग चाळीसेक वर्षांनी उजनी मायनसमध्ये गेली,
भेगाळल्या गाळातून आधी नाळ दिसली,
आणि सुग्रीव नगरे, वय चौऱ्याहत्तर,
चपला काढून उतरला.
"माझा बाप हाकायचा हिला," म्हणाला.
"माणसाला एक आणा. शेळीला अर्धा."

देवगडहून भिकू मेस्त आला.
टरबूज बघावं तसा बोटाच्या पेराने
एकेक फळी ठोकत फिरला.
"बुडालं ते लाकूड टिकतं," म्हणाला,
"कुजतं ते काठावरचं.
अर्धं पाण्यात, अर्धं वाऱ्यात."
शाहीनने हे पावतीच्या मागे लिहून घेतलं.
कशाला, ते मी विचारलं नाही.

अठरा फळ्या जुन्या, बाकी नवा साग,
फटींत कापूस आणि राळ.
शीड तेवढं मिळेना.
प्लास्टिकचं नको म्हणून नगरे अडून बसला
तेव्हा मी नानांचं नाव सांगितलं.

इरय्या येमूल, अशोक चौकामागे,
आठ वर्षं बंद असलेला एक माग,
त्यावर न खपलेल्या चादरींचा ढीग.
नानांनी ढीग उतरवला, तेल घातलं,
तीन आठवडे गल्लीत पुन्हा खटखट.
जाड सुती, दुहेरी ताणा,
आणि कडेला बोटभर लाल पट्टी.
शिडाला कशाला काठ, नाना?
"काठाशिवाय कापड सुटत नाही हातातून."
मग स्वतःशीच हसले,
"आपल्याकडे जर होती, त्यांच्याकडे तर.
बघू आता काय होतंय."

चार वाजता पश्चिमेचा वारा लागला.
शीड आधी सुरकुतलेलं, मग भरलं,
आणि एवढं मोठं लाकूड काही न बोलता हललं.
डोलकाठीला धरून नाना. पोहता येत नाही,
पायांत अजून बुटांसकट मोजे.

आम्ही तिच्या बाजूला गेलो, वाऱ्याखालच्या अंगाला,
पंधरा हातांवर.
आणि आमचं शीड पडलं.
वारा थांबला नव्हता, तिने घेतला होता.
दोरी माझ्या मुठीत ढिली,
होडी आहे तिथे उभी,
आणि इतकी शांतता
की फळ्यांची करकर ऐकू येत होती,
आणि नगरे, पाण्याकडे बोट करून,
कुणाला सांगत नव्हता, नुसता म्हणत होता:
इथं चावडी. इथं म्हसोबा.
इथं आमचा भुईमूग.
खाली फक्त हिरवं पाणी, चिलापीची एक उडी.

नाना पाण्याकडे बघतच नव्हते.
मान मागे टाकून
वर, शिडाकडे.
मग त्या सावलीतून मला ओरडून म्हणाले,
"ओक पोगु तेगिंदि!"
एक तार तुटलीय,
वरून चौथ्या हातावर, बघ!

तर पुढे सरकली,
आमचा वारा परत आला तो थोबाडीत मारल्यासारखा.
होडी कलली, आम्ही दोघी कडेवर लटकलो,
केस तोंडात, डोळे वर.

तेवढ्या उजेडात, तेवढ्या कापडात
मला काही दिसली नाही.
शाहीन म्हणाली, दिसली.