डावीकडे खिळे

चिखलाबोडीच्या पाण्यावर एकोणीस डबे आहेत.
रंगाचे, तेलाचे, एक तणनाशकाचा.
नऊ लाल, दहा हिरवे,
गळ्यात नायलॉनचा दोर,
दोराच्या टोकाला जात्याची फुटकी तळी.

सुकरू नान्हेचा भाचा कुठल्याशा बंदरात
बोयांना रंग देतो. घराएवढे बोये, वर दिवा.
त्यानं फोनवर सांगितलं,
समुद्राकडून आत येताना
लाल डाव्या हाताला, हिरवा उजव्या.
सुकरू म्हणाला,
"समुद्र कोनीकडे हाये आपल्याले?"

फोन थोडा वेळ गप्प.

मग ठरलं दोघांचं : तालुका म्हणजे समुद्र.
तिकडून गावाकडे वळलं, की लाल डावा.

मी बुधवारी जाते, लशींचा डबा मांडीवर घेऊन.
दोन रांगांच्या मधे जागा फार तर तीन डोंग्यांची.
बाहेर मोहाचे खुंट, वीतभर पाण्याखाली,
तारेचं कुंपण, कुणाच्या तरी विहिरीचा काठ.
आत काही नाही.
आत जुनी गाडीवाट आहे, चाकोऱ्यांसकट.
"पानी वरून सारखंच दिसते, बाई. म्हनून डबे."

चैतात पाणी उतरतं, दोर सैल पडतात,
डबे वाऱ्यासोबत भलतीकडे जाऊन उभे राहतात
आणि खोटं बोलू लागतात.
तेव्हा तो रोज सकाळी एकेकाचा दोर आखडतो
पोराची चड्डी वर ओढावी तसा.

पुसातल्या एका बुधवारी धुकं.
सुकरू तापानं पडलेला,
वल्हं नातीच्या हातात. आचल, सातवीतली.
लाल नाही, हिरवा नाही,
माझेच गुडघे मला दिसेनात.
मी म्हटलं, परत फिरू.
"थांबा. बोलू नोका."
तिनं डोंगा दोनदा झुलवला.
लाट निघाली, धुक्यात शिरली,
आणि डावीकडून खुळखुळ आली
बारीक, लोखंडी.
मग उजवीकडून, जाडसर.

"लाल्यात खिळे हायेत, हिरव्यात गोटे.
आबाले आता रंग दिसत नाही ना."

किती वर्षं झाली?
तिनं बोटं मोजली नाहीत, वल्हं मारलं.
खिळे. गोटे. पुन्हा खिळे.
मधल्या वाटेनं आम्ही चाललो,
खाली चाकोऱ्या असतील तर असतील.

तेवढ्यात मांडीवर बर्फ हलला.
ती वळली, कपाळाला आठी :
"तुमचा डबा घट्ट धरा ना, बाई,
मले आयकू येत नाही."